१४ जानेवारीचा माजी सैनिक दिन : गावात, शाळेत आणि सोसायटीत तो कसा पाळावा

दरवर्षी १४ जानेवारीला देशभर सशस्त्र सेना माजी सैनिक दिन पाळला जातो. भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा १९५३ साली याच तारखेला सेवानिवृत्त झाले. त्यांच्या स्मरणार्थ ही तारीख निवडली गेली आणि २०१६ पासून हा दिवस पाळण्यास सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी येणारा सेना दिनही करिअप्पांशीच जोडलेला आहे, कारण १५ जानेवारी १९४९ रोजी त्यांनी जनरल रॉय बुचर यांच्याकडून सैन्याची सूत्रे स्वीकारली. हे दोन दिवस एकापाठोपाठ येत असल्याने कार्यक्रम आखताना त्यांची गल्लत होते. सेना दिन हा सेवेत असलेल्या सैन्याचा, ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधीसंकलनाचा आणि २६ जुलैचा कारगिल विजय दिवस मुख्यतः हुतात्म्यांच्या स्मरणाचा असतो. १४ जानेवारी मात्र जे गणवेश उतरवून घरी परतले, आज आपल्या शेजारी राहतात, रेशनच्या रांगेत आणि बँकेच्या खिडकीपाशी आपल्यासोबत उभे असतात, त्यांचा दिवस आहे. म्हणून त्या दिवशीच्या कार्यक्रमाला श्रद्धांजली सभेचे स्वरूप देऊ नये.

महाराष्ट्रात ही तारीख अनेकदा संक्रांतीला येते, काही वर्षी संक्रांत एक दिवस पुढे जाते. सणाच्या दिवशी माणसे घरी असतात हा त्याचा फायदा. परंतु सकाळचा वेळ पूजेत आणि स्वयंपाकात जातो, त्यामुळे मुख्य कार्यक्रम दुपारी चारनंतर किंवा लगतच्या रविवारी ठेवणे सोयीचे पडते. शाल, श्रीफळ आणि हार यांत गैर काही नाही, ती आपली रीत आहे. मात्र सत्कार हा या दिवसाचा सर्वांत लहान भाग असावा असे माझे स्पष्ट मत आहे. माजी सैनिकाचे नाव बरोबर लिहिणे, त्याचे अडलेले कागद मार्गी लावणे आणि तो सांगतो ते नीट ऐकून घेणे, या तीन गोष्टी झाल्या तर मांडव नसला तरी चालेल.

यादी करणे

तयारी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ध्वजदिनाच्या सुमारास सुरू करावी. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते आणि राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. जिल्हा कार्यालयाकडे नोंदणीकृत माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची माहिती असते. ती खासगी असल्यामुळे यादी हातात मिळेलच असे नाही, परंतु आपले निमंत्रण संबंधितांपर्यंत पोहोचवण्याची विनंती लेखी पत्राने जरूर करता येते. त्यासोबत ग्रामसेवक, पोस्टमन, तालुक्यातील माजी सैनिक संघटना आणि गावातील दोन-तीन जाणती माणसे यांच्याकडे विचारपूस केली की यादी बऱ्यापैकी पूर्ण होते.

तरीही काही नावे हमखास सुटतात. पायदळातला जवान सर्वांना आठवतो. नौदलातला यंत्रज्ञ, वायुदलातला तंत्रज्ञ, लष्करी रुग्णालयातली परिचारिका, सेना पुरवठा दलातला चालक, लंगरातला स्वयंपाकी यांची आठवण होत नाही. प्रकृतीच्या कारणाने पाच-सहा वर्षांतच घरी पाठवले गेलेले लोक स्वतःहून पुढे येत नाहीत, कारण आपण सेवा पूर्ण केली नाही अशी खंत त्यांना असते. त्यांच्या घरी मुद्दाम जावे. शिवाय माजी सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वृद्ध माणूस येतो, परंतु शिपाई म्हणून भरती झालेला जवान पेन्शनवर येतो तेव्हा बऱ्याचदा चाळिशीच्या आतबाहेर असतो आणि दुसऱ्या नोकरीच्या शोधात असतो. शहरातील गृहनिर्माण सोसायट्यांनी तर आपल्या फाटकापासून सुरुवात करावी. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे सर्वांना परिचित असलेले मेस्को, आणि अनेक खासगी संस्था यांच्यामार्फत कितीतरी माजी सैनिक सुरक्षारक्षकाचे काम करतात. ज्यांना आपण रोज नुसते ‘वॉचमन’ म्हणून हाक मारतो, त्यांनी पंधरा-सतरा वर्षे सीमेवर काढलेली असू शकतात. सोसायटीच्या कार्यक्रमात त्यांना बंदोबस्ताला उभे करून इतरांचा सत्कार करणे यासारखा अपमान नाही.

घरी जाऊन भेटणे

निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी प्रत्येकाच्या घरी एकदा जावे. सत्कार स्वीकारायचा आहे का, हे आधी विचारावे. काहींना गर्दी नको असते आणि त्यांचा नकार मनापासून मान्य करावा. गावात कोणत्याही हुद्द्याच्या माजी सैनिकाला प्रेमाने ‘मेजर’ म्हणण्याची पद्धत आहे आणि बोलताना ती गोड वाटते, परंतु पत्रिकेत आणि मानपत्रात खरा हुद्दाच हवा. हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर या पायऱ्या वर्षांच्या कष्टाने चढलेल्या असतात. प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी मानद कॅप्टन, मानद लेफ्टनंट अशा पदव्या जाहीर होतात. त्या मिळाल्या असतील तर वगळू नयेत. लिहिताना हुद्दा आधी, मग नाव आणि शेवटी कंसात ‘निवृत्त’ असा क्रम ठेवावा. ‘माजी सुभेदार’ असे लिहू नये, कारण हुद्दा माणसासोबत राहतो, निवृत्त होते ती सेवा. रेजिमेंटचे किंवा दलाचे पूर्ण नाव आणि सेवेची वर्षे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावीत व लिहिलेले परत वाचून दाखवावे.

पदके पाहण्यास मागावीत. बहुतेक घरांत ती कपाटातल्या डब्यात, जुन्या रुमालात गुंडाळून ठेवलेली असतात. एखादे पदक हातात घेऊन त्याची कड उजेडात धरली, तर तिच्यावर सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले दिसते. पदके मिळाली तो हुद्दा आणि निवृत्तीचा हुद्दा यांतला फरक तिथेच कळतो आणि त्या फरकाविषयी विचारले की माणूस बोलू लागतो. फितीवरची पदकेही पुष्कळ सांगतात. सैन्य सेवा पदकावर ‘जम्मू-काश्मीर’ किंवा ‘हिमालय’ अशी पट्टी असली तर नेमणूक कोठे होती ते समजते. ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ हे पदक असेल तर तो माणूस १९७१च्या युद्धात त्या आघाडीवर होता. सियाचीन ग्लेशियर पदक असेल तर ज्या हिमनदीवर एप्रिल १९८४ पासून आपले जवान सतत उभे आहेत, तेथे त्याने दिवस काढले आहेत. ही ओळख आधी करून घेतली की कार्यक्रमात ‘देशासाठी यांनी खूप केले’ असे मोघम बोलण्याची वेळ सूत्रसंचालकावर येत नाही.

या भेटीत काय विचारू नये, हेही ठरवून जावे. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ हा प्रश्न लहान मुले सहज विचारतात आणि कधी कधी मोठेही विचारतात. तो कोणीही विचारू नये. नुकत्याच निवृत्त झालेल्यांना ठाणी, हत्यारे, चालू मोहिमा यांविषयी छेडू नये, कारण गोपनीयतेचे बंधन निवृत्तीनंतरही राहते. फटाक्यांच्या आवाजाचा त्रास होतो का, पायऱ्या चढता येतात का, किती वेळ बसवते, सोबत कोण येणार, ही चौकशी मात्र अवश्य करावी.

कागदांचे टेबल

माझ्या दृष्टीने या दिवसाचे खरे मोल येथे आहे. संरक्षण खात्याची पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून मिळते आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पेन्शन थांबते, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला ती का थांबली हे बँकेत नीट कोणी समजावून सांगत नाही. म्हणून कार्यक्रमाच्या आवारातच सकाळी दहा ते दोन या वेळेत एक टेबल मांडावे. तेथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या प्रतिनिधीला पत्र देऊन बोलवावे, जवळच्या सामायिक सेवा केंद्राच्या चालकाला बोटांचे ठसे घेण्याच्या यंत्रासह बसवावे आणि गावातली संगणक जाणणारी दोन मुले-मुली मदतीला द्यावीत. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी हीच मंडळी दुपारी जातील. मोबाईलवर चेहरा दाखवूनही ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, करता येतो, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून नेण्याची गरज उरलेली नाही.

टेबलावर सर्वांत जास्त वेळ नावांच्या आणि जन्मतारखांच्या फरकात जातो. समजा, पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये, पत्नीचे नाव ‘सुमनबाई’ आहे, आधारवर ‘सुमन’ आहे आणि बँकेच्या पुस्तकात माहेरचे आडनाव राहून गेले आहे. पती हयात असेपर्यंत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ते गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज याच एका ‘बाई’पाशी अडतो आणि मग दुःखात असलेल्या वृद्ध स्त्रीला तालुक्याला आणि जिल्ह्याला खेटे घालावे लागतात. यासाठी प्रत्येक माजी सैनिकाचे डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक), पीपीओ, आधार, बँक पुस्तक आणि पत्नीची कागदपत्रे शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. तफावत असेल तर ती कोणत्या कागदात दुरुस्त करावी लागेल याची नोंद करावी आणि रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे पाठवायचा अर्ज तेथेच लिहून द्यावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे कार्यालय बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. इतर दलांची वेगवेगळी आहेत. पत्ता डिस्चार्ज बुकावरून आणि जिल्हा कार्यालयाकडून पडताळून घ्यावा.

याच टेबलावर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. तिचे कार्ड आहे का, त्यात पत्नीचे नाव आहे का आणि जवळचे पॉलिक्लिनिक कोणते, हे पाहावे. दुसरी गोष्ट घरपट्टीची. माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवा पत्नींना घराच्या मालमत्ता करात माफी देण्याची योजना महाराष्ट्रात आहे, परंतु अर्ज केल्याशिवाय ती लागू होत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक मंचावर येणारच असतील, तर त्यांनी अर्जाचे कोरे नमुने सोबत आणावेत. कागदांची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत आणि कोणाचाही ओटीपी मदत करणाऱ्याने घेऊ नये. तो क्रमांक पेन्शनधारकाने स्वतः किंवा घरच्या माणसाने टाकावा. पेन्शनधारकांची फसवणूक नेमकी अशाच मदतीच्या नावाखाली होते.

वीरपत्नी आणि संक्रांतीचे हळदीकुंकू

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि ज्या स्त्रीचा पती देशाच्या सेवेत गेला, तिलाच त्या दिवसांत घरात बसावे लागते. एकीकडे मंचावर ‘वीरनारी’ म्हणून साडी-चोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या हळदीकुंकवाला तिला वगळायचे, हे दोन्ही एकाच गावात चालता कामा नये. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्याच तालुक्यात सैनिक टाकळी हे घरोघरी फौजेची परंपरा असलेले गाव आहे. ज्या ग्रामपंचायतीने असा ठराव अजून केलेला नाही, तिने तो डिसेंबरच्या ग्रामसभेत घ्यावा. माजी सैनिक दिनाला जोडून महिला मंडळाने हळदीकुंकू ठेवावे आणि वीरपत्नी, वीरमाता तसेच दिवंगत माजी सैनिकांच्या पत्नी यांना पहिला मान द्यावा. कोणावर जबरदस्ती नको. आदल्या आठवड्यात दोन-तीन समवयस्क स्त्रियांनी त्यांच्या घरी जाऊन बोलावे, त्यांना काय रुचेल ते विचारावे. कोणी कुंकू लावून घेईल, कोणी नुसता तिळगूळ आणि वाण घेईल. दोन्ही तितक्याच आदराने व्हावे.

प्रत्यक्ष कार्यक्रम

मंचावर माजी सैनिक बसावेत आणि पुढारी समोर. अध्यक्षस्थानी हुद्द्याने नव्हे, वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या माजी सैनिकाला बसवावे. मंच उंच असेल तर उतार करावा, खुर्च्यांना हात असावेत, स्वच्छतागृह जवळ असावे आणि पाणी आधीच ठेवलेले असावे. प्रमुख पाहुण्यांच्या प्रतीक्षेत ऐंशी वर्षांच्या माणसांना तासभर ताटकळत ठेवणे टाळायचे असेल, तर पत्रिकेवर लिहिलेल्या वेळेला कार्यक्रम सुरू करावा. ज्यांनी आयुष्य घड्याळावर काढले त्यांना यापेक्षा मोठा मान देता येणार नाही. पदके लावून येण्याची विनंती निमंत्रणातच करावी. ती डाव्या छातीवर लावतात. प्रत्येकाचा परिचय तीन-चार वाक्यांचा, पण खरा असावा: नाव, हुद्दा, दल, वर्षे, एखादी नेमणूक आणि आजचे काम. भाषणे दोनच ठेवावीत.

राष्ट्रगीताला ज्यांना उभे राहता येत नाही त्यांना बसूनच राहू द्यावे आणि तसे सूत्रसंचालकाने आधीच सांगावे. तिरंगा मंचाच्या कठड्याला गुंडाळू नये, टेबलावर अंथरू नये. भारतीय ध्वजसंहितेत याची स्पष्ट मनाई आहे. मुलांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रमानंतर जमिनीवर पडू न देता गोळा करावेत. लष्करी ठिपक्यांचे कपडे घालून, खोट्या बंदुका घेऊन केलेले समूहनृत्य वगळावे, असे मी आग्रहाने सुचवीन; ज्यांनी सहकारी गमावले आहेत त्यांच्यासमोर तो खेळ बरा दिसत नाही. स्मृतिचिन्हांचा खर्च कमी करून ती रक्कम ध्वजदिन निधीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जमा करावी आणि पावती घ्यावी.

शाळांसाठी

शाळांनी निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा घ्याव्यात, परंतु त्यापेक्षा मोलाचे काम आठवणी नोंदवून ठेवण्याचे आहे. १९७१च्या युद्धात लढलेल्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे, १९६५चे तर फार थोडे उरले आहेत. आठवी-नववीच्या मुलांनी तीन-तीनच्या गटाने जावे, मोबाईल टेबलावर स्थिर ठेवावा, पंखा बंद करावा आणि तासाभराहून जास्त बसू नये. प्रश्न लढाईपासून सुरू न करता भरतीपासून सुरू करावेत. भरतीला कोणासोबत गेलात, घरच्यांना सांगितले होते का, पहिल्यांदा बर्फ कोठे पाहिला, सुट्टीवर येताना काळ्या ट्रंकेत काय असायचे, मनिऑर्डर किती दिवसांनी पोहोचायची? ‘द्वारा ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) एवढ्या पत्त्यावर पत्रे कशी जात, हे आजच्या मुलांना ठाऊक नाही. जुनी आंतर्देशीय पत्रे जपली असतील तर परवानगी घेऊन त्यांची छायाचित्रे काढावीत. आजींनाही वेगळे विचारावे, कारण शेत, सासू-सासरे आणि मुले एकटीने सांभाळण्याची कथा सहसा कोणी लिहून घेत नाही. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या कुटुंबाला, एक शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी आणि कुटुंबाच्या संमतीशिवाय ती कोठेही प्रसारित करू नये.

आपल्या भागातील शौर्याची ओळखही याच निमित्ताने व्हावी. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. कारवारजवळ जन्मलेले रामा राघोबा राणे यांनी १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली, त्यांना हयातीत परमवीरचक्र मिळाले आणि निवृत्तीनंतर १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. परमवीरचक्राचे मानकरीही निवृत्तीनंतर आपल्यात राहून गेले, हे मुलांना कळणे महत्त्वाचे आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ या काळात इतकी माणसे लढाईवर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर या परंपरेमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ असे नावच पडले. आपल्या गावात अशी पाटी चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत असेल तर १३ जानेवारीला ती स्वच्छ करावी. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. ॲसिड, धुण्याची पावडर किंवा तारेची घासणी वापरू नये, अन्यथा अक्षरांच्या कडा झिजतात. पाटीवर ऑइलपेंटही देऊ नये, कारण त्याने खोदकाम बुजते. अक्षरे वाचता येत नसतील तर सायंकाळी बाजूने विजेरीचा तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घ्यावे. सावल्यांमुळे मजकूर उमटतो.

कार्यक्रमानंतर

कागदांच्या टेबलावर जितकी प्रकरणे अर्धवट राहिली असतील त्यांची एक वही करावी. प्रत्येक प्रकरणापुढे ते पाहणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव, अर्ज पाठवल्याची तारीख आणि पोहोच क्रमांक लिहावा. नोकरी शोधणाऱ्या तरुण माजी सैनिकांची वेगळी नोंद ठेवून ती तालुक्यातील कारखाने, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांना द्यावी; वाहन दुरुस्ती, वीजकाम, संदेशवहन, भांडारव्यवस्था ही कौशल्ये त्यांच्याकडे प्रशिक्षणासह असतात. ही वही मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या बैठकीत उघडावी, निकाली निघालेली प्रकरणे खोडावीत आणि न निघालेल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना स्मरणपत्र द्यावे. नोव्हेंबरच्या बैठकीत हयातीच्या दाखल्यांची तपासणी करून पुढच्या १४ जानेवारीची यादी त्याच वहीतून तयार करावी.